जुन्या फोररनरला लिफ्ट, मोठे टायर आणि मागे ट्रेलर : कोणत्या क्रमाने विचार करावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. डेन्व्हरला राहणाऱ्या आपल्या कुटुंबाकडे १९९९ची टोयोटा फोररनर ही एसयूव्ही आहे. तिला ३.४ लिटरचे व्ही-सिक्स इंजिन, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, फोर-व्हील-ड्राइव्ह आणि ४.१०चे डिफरन्शियल (म्हणजे अॅक्सलवरचा शेवटचा गिअरसंच; चाकाच्या एका फेरीला त्याकडे येणारा दांडा ४.१० वेळा फिरतो) आहे, आणि ती सुमारे १,९०,००० मैल चाललेली आहे. तिला तीन इंचांची लिफ्ट द्यावी, म्हणजे सस्पेन्शन बदलून ती तेवढी उंच करावी, सध्याच्या २६५/७० आर १६ टायरांऐवजी २८५/७५ आर १६ बसवावेत आणि सामानासह २,४०० पौंड भरणारा कॅम्पिंग ट्रेलर मागे लावून आय-७० महामार्गाने डोंगरापलीकडे जावे, असा आपला बेत आहे. यात मायलेज किती पडेल, असे आपण विचारले आहे. या पिढीच्या गाड्यांवर मी बरीच वर्षे काम करत आलो आहे, त्यामुळे मायलेजचे उत्तर देईनच. पण माझ्या मते या बेतात मायलेजपेक्षा महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. तो म्हणजे गाडी तो चढ कोणत्या गिअरमध्ये चढेल आणि त्या वेळी गिअरबॉक्सचे तेल किती तापेल.

आधी टायरांचे गणित पाहू, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. २६५/७० आर १६ याचा अर्थ रुंदी २६५ मिलिमीटर, टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के आणि रिम १६ इंचांची. भिंतीची उंची दोनदा धरून त्यात रिमचे ४०६.४ मिलिमीटर मिळवले की एकूण व्यास ७७७ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ३०.६ इंच येतो. याच पद्धतीने दोन्हींच्या मधल्या २६५/७५ आर १६ या मापाचा व्यास ८०४ मिलिमीटर, म्हणजे ३१.६ इंच आणि २८५/७५ आर १६चा ८३४ मिलिमीटर, म्हणजे ३२.८ इंच होतो. पहिल्या बदलात व्यास सुमारे साडेतीन टक्क्यांनी वाढतो, दुसऱ्यात सव्वासात टक्क्यांनी. आकडे किरकोळ वाटतात, पण मोठे चाक एका फेरीत जास्त अंतर कापते आणि तेवढ्याच प्रमाणात त्याची ओढण्याची ताकद कमी होते. ४.१०चे डिफरन्शियल २८५/७५ टायरांवर जणू ३.८२चे असल्यासारखे वागते, आणि २६५/७५वर ३.९६चे.

मोकळ्या सपाट रस्त्यावर, मागे काही न लावता, हा फरक सहन होतो. गाडी थोडी जड वाटते, ओव्हरड्राइव्हमधून, म्हणजे सर्वांत वरच्या गिअरमधून, वारंवार खाली उतरते, आणि तेवढ्यावर निभावते. चढावर ट्रेलर असताना मात्र गोष्ट बदलते. आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा डेन्व्हरच्या पश्चिमेला सुमारे ६० मैलांवर आहे आणि त्याचे पश्चिमेकडचे तोंड समुद्रसपाटीपासून ११,१५८ फुटांवर, म्हणजे सुमारे ३,४०० मीटरवर आहे. दोन्ही बाजूंचे चढ ६ ते ७ टक्क्यांचे आहेत. आपल्यापैकी अनेकांनी खंडाळ्याचा किंवा कसाऱ्याचा घाट भरल्या गाडीने चढलेला असतो आणि त्या आठवणीवरून या चढाचा अंदाज बांधला जातो. चढाच्या तीव्रतेपुरती ती तुलना ठीक आहे. पण आपल्या त्या घाटांचे माथे ६०० मीटरच्या आसपास आहेत आणि तिथे इंजिनाला हवा जवळजवळ पूर्ण मिळते. इथे तसे नाही. टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन दर हजार फुटांमागे साधारण ३ टक्के ताकद गमावते. आपल्या इंजिनाची समुद्रसपाटीवरची ताकद १८३ हॉर्सपॉवर आहे. बोगद्याच्या तोंडाशी तिचा एक तृतीयांश भाग गेलेला असतो आणि सुमारे १२२ उरते. तीही एक्सलरेटर तळाला आणि इंजिन मिनिटाला ४,८०० फेऱ्यांवर असतानाची.

आता वजन मांडू. माणसे, इंधन आणि सामान धरून गाडी ४,९०० पौंड आणि ट्रेलर २,४०० पौंड, म्हणजे एकूण ७,३०० पौंड. ६ टक्के चढावर केवळ गुरुत्वाकर्षणाशी झगडायला सुमारे ४४० पौंडांची ओढ लागते, आणि टायरांच्या घर्षणाला आणखी ९५ धरली तर ५३५ होते. वाऱ्याचा विरोध यात अजून धरलेलाच नाही. इंजिनाचा कमाल टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, २१७ फूट-पौंड आहे. उंचीमुळे तो १४५पर्यंत उतरतो. दुसऱ्या गिअरचे १.५३१ हे गुणोत्तर, ४.१०चे डिफरन्शियल आणि वाटेत वाया जाणारी ताकद हिशेबात घेतली, तर मूळ टायरांवर चाकाशी जास्तीत जास्त ५८५ पौंडांच्या आसपास ओढ मिळते. म्हणजे वाऱ्यासाठी पन्नासेक पौंड उरतात, आणि त्यात पस्तीस मैलांच्या जवळपासचा वेग जेमतेम टिकतो. २८५/७५ टायर लावले की हीच ओढ ५४५वर येते. वाऱ्यासाठी उरले दहा. याचा अर्थ दुसरा गिअर त्या चढाला पुरत नाही. गाडी पहिल्या गिअरवर उतरते, इंजिन ओरडू लागते, थोडा वेग आला की गिअरबॉक्स पुन्हा दुसरा टाकतो, वेग पडला की पुन्हा पहिला, आणि हे मैलोन्‌मैल चालू राहते. हे गणित ढोबळ आहे, वाऱ्यानुसार आणि गाडीच्या प्रकृतीनुसार आकडे इकडेतिकडे होतील; पण मूळ टायरांवर जे बेताने जमते ते मोठ्या टायरांवर जमत नाही, हा निष्कर्ष त्याने बदलत नाही.

याला उपाय आहे. डिफरन्शियलचे गिअर ४.१०ऐवजी ४.५६ केले, तर २८५/७५ टायरांवर ते ४.२५ असल्यासारखे वागतात आणि चढावरची ओढ सुमारे ६०५ पौंडांवर, म्हणजे मूळ गाडीपेक्षाही थोडी वर जाते. मात्र फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये पुढचे आणि मागचे अशी दोन्ही डिफरन्शियल एकाच गुणोत्तराची असावी लागतात. एकच बदलून चालत नाही, कारण फोर-व्हील गुंतवताच पुढची व मागची चाके परस्परांविरुद्ध जोर लावतात आणि ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या ट्रान्सफर केसला इजा होते. हे काम जाणत्या माणसाकडून करून घ्यावे लागते, कारण गिअरांचे दात एकमेकांत किती खोल बसतात हे शतांश मिलिमीटरमध्ये मोजून जुळवायचे असते. दोन्ही डिफरन्शियलचे सुटे भाग आणि मजुरी धरून दोन हजार डॉलरच्या वर खर्च सहज जातो. टायर आणि लिफ्ट यांचा खर्च मांडताना हा आकडा बहुतेक जण विसरतात, आणि नंतर गाडी ओढत नाही म्हणून इंजिनात दोष शोधत बसतात.

आता मायलेज. इथे एक गफलत इतकी सर्रास होते की तिच्याबद्दल सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. टायर मोठे झाले की मीटर कमी वेग आणि कमी अंतर दाखवतो. २८५/७५ टायरांवर मीटरवर ३०० मैल दिसत असतील तेव्हा गाडी प्रत्यक्षात ३२२ मैल चाललेली असते. समजा तेवढ्यात २० गॅलन पेट्रोल लागले, तर मीटरवरून अॅव्हरेज १५ येते आणि खरे असते १६.१. जो ‘एक मैल गेला’ अशी तक्रार होते, त्यातला बराचसा मैल कुठेही गेलेला नसतो; तो फक्त मोजला गेलेला नसतो. गफलतीची दुसरी बाजू मात्र खऱ्या नुकसानीची आहे. मीटरवर ६० दिसत असताना गाडी ६४.४ मैलांनी धावत असते. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे चालकाच्या नकळत तो १५ टक्क्यांनी वाढलेला असतो. म्हणजे एकीकडे नसलेले नुकसान दिसते आणि दुसरीकडे खरे नुकसान लपते. टायर बदलल्यावर पहिल्याच दिवशी फोनवरच्या जीपीएसशी वेग ताडून पाहावा, मीटरच्या आकड्यांना १.०७ने गुणून हिशेब ठेवावा, किंवा मीटर दुरुस्त करणारा छोटा मॉड्यूल बसवून घ्यावा. त्यानंतर दोन-तीन टाक्यांचा हिशेब काढल्याशिवाय मायलेजविषयी कोणताही निष्कर्ष काढू नये.

हा दोष वगळला तरी खरी घट उरतेच, आणि तिची कारणे तीन आहेत. पहिले कारण टायरांचे वजन. साध्या पी-मेट्रिक, म्हणजे प्रवासी मोटारींसाठीच्या, जातीचा २६५/७० टायर ३५ पौंडांच्या आसपास असतो. जाड भिंतीचा, जास्त भार पेलणाऱ्या ई लोड रेंजचा एलटी (हलक्या ट्रकसाठीचा) २८५/७५ टायर ५५ पौंडांच्या घरात जातो. शहरात दर सिग्नलला थांबून पुन्हा निघताना हे फिरते वजन पेट्रोल खाते, आणि तेच वजन थांबवताना ब्रेकवर भार टाकते. दुसरे कारण म्हणजे खडबडीत नक्षीच्या टायरांचे घर्षण. तिसरे कारण लिफ्ट. गाडी उंच झाली की तिच्या पोटाखालून जास्त हवा जाते, आणि तिथले अॅक्सल, सस्पेन्शनचे भाग, एक्झॉस्ट हे सगळे त्या हवेत आडवे येतात. माझ्या अनुभवात तीन इंचांची लिफ्ट आणि असे जड टायर मिळून महामार्गावर गॅलनमागे दीड ते दोन मैल खातात. मूळ अवस्थेत सावकाश चालवल्यावर १८-१९ देणारी गाडी खऱ्या मोजमापाने १६-१७वर येते.

ट्रेलर जोडल्यावर मात्र हे सगळे मागे पडते. सपाट रस्त्यावर ट्रेलरच्या वजनापेक्षा त्याची उंची आणि रुंदी जास्त महत्त्वाची असते. २,४०० पौंडांचा, वर उघडणारा घडीचा कॅम्पर प्रवासात गाडीच्या आडोशाला राहतो आणि मायलेज १४-१५पर्यंत टिकते; तेवढ्याच वजनाचा, पण पूर्ण उंचीचा आणि सपाट कपाळाचा ट्रेलर ११-१२वर आणतो. आपण ट्रेलर अजून घेतला नसेल, तर टायरांच्या मापापेक्षा या निवडीवर जास्त विचार करावा, असे मी आग्रहाने सांगेन. त्याखालोखाल वेग. ५५ ऐवजी ६५ने गेल्यास वाऱ्याचा विरोध सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. कॅन्ससच्या माळावरून जाताना १० मैल वेग कमी करून जितके पेट्रोल वाचते, तितके कोणत्याही सुट्या भागाने वाचत नाही.

इंधनाबद्दल कोलोराडोपुरती एक गोष्ट. या राज्यात पंपावर ‘रेग्युलर’ म्हणून जे मिळते ते बहुतेक ठिकाणी ८५ ऑक्टेनचे असते, आणि या इंजिनाला ८७ अपेक्षित आहे. रोजच्या वापरात ८५ चालून जाते असे अनेक जण सांगतात. पण उन्हाळ्यात, ट्रेलरसह, चढावर इंजिन पूर्ण भाराखाली असताना मी ८७पेक्षा कमी भरणार नाही. नॉकिंग, म्हणजे इंधन नको तेव्हा आपोआप पेटून होणारी ठकठक, सुरू झाले की इंजिनाचा संगणक स्पार्क उशिरा टाकतो, आणि आधीच अपुरी असलेली ताकद आणखी घटते.

लिफ्टविषयी बोलायचे तर या गाडीच्या पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आहे. पुढे लिफ्ट दिली की चाकांकडे जाणाऱ्या अॅक्सलचे सांधे तिरक्या कोनात फिरू लागतात, आणि तीन इंच ही त्यांच्या सोसण्याची जवळजवळ सीमा आहे. त्या उंचीवर पुढच्या चाकांचा कॅस्टर (स्टिअरिंग सरळ ठेवणारा कोन) सस्पेन्शनच्या मूळ आर्मवर नीट जुळवता येत नाही, म्हणून वरचे आर्म बदलावे लागतात. नाहीतर स्टिअरिंग सरळ रस्त्यावर भरकटते, आणि मागे ट्रेलर असताना ते भरकटणे दुप्पट जाणवते. स्प्रिंगच्या वर नुसती चकती ठेवून उंची वाढवण्याचा स्वस्त प्रकार मी ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला सुचवणार नाही.

मागच्या बाजूची गोष्ट उलट आहे. या पिढीच्या फोररनरच्या मागच्या कॉइल स्प्रिंग वयाप्रमाणे बसतात, हे सर्वांना माहीत आहे. २५ वर्षे जुनी गाडी मागून खाली झुकलेली दिसते ती त्यामुळेच. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे गाडीच्या मागे ट्रेलर जोडतात त्या जागी, यावा लागतो. आपल्या बाबतीत तो २४० ते ३६० पौंड होतो, आणि तो मागच्या चाकांच्याही मागे लोंबकळत असल्याने मागचा भाग दाबतो व पुढचा उचलतो. पुढची चाके हलकी झाली की वळणावर पकड आणि ब्रेक दोन्ही कमी होतात. म्हणून मागे मध्यम भाराच्या, मूळ उंचीपेक्षा दीड-दोन इंच वर ठेवणाऱ्या नव्या स्प्रिंग आणि त्यांना जुळणारे शॉक बसवणे हा या सगळ्या बेतातला मला सर्वांत पटणारा खर्च आहे. त्यात उंचीची हौसही भागते आणि गाडी भाराखाली सरळ उभी राहते.

उंचीचा आणखी एक परिणाम सहसा कुणी मोजत नाही. तीन इंचांची लिफ्ट आणि २८५/७५ टायरांमुळे वाढणारी १.१ इंचांची त्रिज्या मिळून हिचचा गोळा जमिनीपासून चार इंचांहून जास्त वर जातो. तसाच ट्रेलर जोडला तर त्याचे नाक वर होते, वजन त्याच्या मागच्या भागाकडे सरकते, हिचवरचा भार घटतो आणि वेगात ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो. तेवढ्या उताराचा बॉल माउंट (गोळा बसवायची पट्टी) घेऊन ट्रेलर पूर्ण समतल ठेवावा. लिफ्टनंतर हेडलाइटही खाली वळवून घ्यावेत.

टायर कोणत्याही मापाचे घेतले तरी त्यांची भार वाहण्याची क्षमता पाहावी. पी-मेट्रिक टायर प्रवासी मोटारीसाठी मोजलेले असतात. एसयूव्हीवर लावताना त्यांच्या क्षमतेला १.१ने भागावे लागते. एलटी टायरची भिंत मजबूत असते आणि ट्रेलरच्या डोलण्याला ती चांगली आवर घालते, पण तेवढाच भार वाहायला त्यात पी-मेट्रिकपेक्षा जास्त हवा भरावी लागते. दाराच्या चौकटीवर लिहिलेला हवेचा दाब मूळ टायरांसाठी आहे. एलटी टायरांसाठी कंपनीचा भार-तक्ता पाहून दाब ठरवावा.

आता जे काम टायर आणि लिफ्टच्या आधी व्हायला हवे त्याकडे येतो. या गाडीच्या पुढच्या खालच्या बॉल जॉइंटची (चाकाला सस्पेन्शनशी जोडणाऱ्या गोल सांध्याची) रचना अशी आहे की गाडीचे वजन त्याला दाबत नाही, तर ओढून वेगळे करू पाहते. तो झिजून निसटला तर चाक आडवे पडून त्याच्यावरच्या कमानीत मुडपते. मोठे आणि जड टायर हा ताण वाढवतात. १,९०,००० मैलांवर हे जॉइंट कधी बदलले याची पावती हाती नसेल, तर मूळ कंपनीचेच नवे, नव्या बोल्टांसह घालून घ्यावेत. इथे पैसे वाचवू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. दुसरी जागा रेडिएटर. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या टाकीतच बसवलेली आहे. जुन्या रेडिएटरमध्ये ती आतून फुटली की कूलंट आणि गिअर ऑइल एकमेकांत मिसळून गुलाबी फेसाळ द्रव तयार होतो आणि गिअरबॉक्स निकामी होतो. ट्रेलर ओढताना तेल जास्त तापते, म्हणून नवा रेडिएटर आणि त्याच्या जोडीला समोर वेगळा ऑइल कूलर, हे दोन्ही पहिल्या सहलीच्या आधी बसवावे. टायमिंग बेल्ट ९०,००० मैलांनी बदलायचा असतो. दुसरी पाळी होऊन गेली आहे का, तेही तपासावे.

ब्रेकही त्याच यादीत आहेत. मोठ्या टायरमुळे ब्रेकचा जोर त्याच प्रमाणात घटतो, कारण टायरची त्रिज्या वाढली तरी डिस्क तेवढीच राहते. टोयोटाच्याच पहिल्या पिढीच्या टुंड्रा पिकअपचे मोठे कॅलिपर (डिस्क आवळणारे भाग) आणि डिस्क या गाडीला १६ इंची रिममध्ये बसतात आणि हा बदल अनेकांनी केलेला आहे. पण ट्रेलरला स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक असणे त्याहून महत्त्वाचे आहे. अनेक राज्यांत कायदा ३,००० पौंडांपुढेच ते सक्तीचे करतो. २,४०० पौंडांच्या ट्रेलरलाही मी ते लावूनच घेईन, कारण बोगद्यानंतर सिल्व्हरथॉर्न गावाकडे उतरणारा रस्ता चढाइतकाच लांब आणि तीव्र आहे. चढताना ओव्हरड्राइव्ह बंद ठेवावा आणि गिअरबॉक्स वर-खाली करू लागला तर लिव्हर ‘२’वर घ्यावा. उतरतानाही ‘२’वरच, आणि उतार सुरू होण्याआधी, वेग वाढल्यावर नव्हे.

हे सगळे धरून आपल्या गाडीसाठी माझा सल्ला असा आहे. या वर्षी बॉल जॉइंट, रेडिएटर, ऑइल कूलर, मागच्या नव्या स्प्रिंग आणि ट्रेलरचे ब्रेक एवढेच करावे. त्यानंतर पुढच्या बाजूला दीड ते दोन इंचांपर्यंतची लिफ्ट आणि टायर २६५/७५ आर १६ एलटी. हे माप बाजारात सहज मिळते आणि कमानीत फारशी काटछाट करावी लागत नाही. यात मीटरची चूक साडेतीन टक्क्यांवर राहते, ४.१०चे गिअर बदलावे लागत नाहीत आणि दुसऱ्या गिअरमधली ओढ ५६५ पौंडांच्या आसपास उरते, म्हणजे थोडा वेग सोडून चढ निघतो. कच्च्या, दगडगोट्यांच्या वाटांसाठी २८५/७५च हवे असतील, तर ४.५६च्या गिअरांचा खर्च त्याच दिवशी धरावा; ते होईपर्यंत ट्रेलर डेन्व्हरच्या पूर्वेकडच्या सपाटीपुरताच न्यावा.